जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन बांधताना मेन आणि बिग एंड बेअरिंग कशी बसवायची

इंजिन खोललं, क्रँक बाहेर आला, की लगेच पार्टच्या दुकानात फोन जातो: "भाऊ, मॅसी पस्तीसचा बेअरिंग सेट आहे का?" दुकानदार विचारतो, "कोणती साइज?" क्रँक मोजल्याशिवाय याचं उत्तर कोणाकडेच नसतं. तरी अंदाजाने "दहा थाऊ द्या" (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणणारे भेटतात, आणि मग क्रँक त्या सेटच्या मापाला घासून घेतात. कधी निभावतं. कधी ओरखडे पुरते निघतच नाहीत आणि सेट कपाटात पडून राहतो.

क्रम असा ठेवा: खोला, मोजा, साइज ठरवा, शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) आणा, आणि शेल हातात आल्यावरच क्रँक घासायला द्या. बाकी सगळा लेख याच क्रमाचा विस्तार आहे.

मेन म्हणजे ब्लॉकमध्ये क्रँक धरणारं बेअरिंग, बिग एंड म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं. इथे लिहिलेलं पातळ शेलच्या बेअरिंगांना लागू आहे. मॅसी फर्ग्युसन ३५ आणि १०३५ यांचं तीन सिलिंडरचं पर्किन्स जातीचं डिझेल इंजिन डोळ्यांसमोर ठेवून उदाहरणं दिली आहेत, कारण विदर्भात जुना ट्रॅक्टर म्हटलं की बऱ्याचदा तोच निघतो. महिंद्रा बी-२७५ किंवा त्या काळातल्या इतर इंजिनांनाही पद्धत हीच, आकडे मात्र ज्याचे त्याचे. दोन अपवाद आहेत. काही जुन्या एक-दोन सिलिंडरच्या इंजिनांत मेनला शेलऐवजी बॉल किंवा रोलर बेअरिंग असतं, म्हणून पार्ट बुक आधी पाहा. आणि जुन्या फोर्डसनसारख्या इंजिनांत शेल नसतोच, व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ धातू) थेट घरात, म्हणजे बेअरिंग बसतं त्या जागेत, ओतलेलं असतं. त्याबद्दल पुढे थोडं लिहिलं आहे.

१. हाताशी काय हवं

कागदपत्रं आधी. वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट बुक, दोन्ही तुमच्याच इंजिनाची. "सगळे पस्तीस सारखेच" यावर विसंबू नका. त्याच नावाच्या ट्रॅक्टरमध्ये पेट्रोल, चार सिलिंडर डिझेल आणि तीन सिलिंडर डिझेल अशी वेगवेगळी इंजिनं आली आहेत. आरसी बुकवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळवून घ्या. एमएच ३१, ४० किंवा ४९, गाडी कोणत्याही पासिंगची असो, ब्लॉक बदलावा लागला तर नंबर बदलतो आणि आरटीओत नोंद करावी लागते. सफाईच्या नादात नंबराची पट्टी घासून काढू नका.

हत्यारं:

– बाहेरचं मायक्रोमीटर, ५०–७५ मिमी (इंची इंजिनाला २–३ इंची). वर्निअर कॅलिपर या कामाला चालत नाही, डिजिटल असला तरी.
– बोअर डायल गेज
– स्टँडसह डायल गेज, फीलर गेज
– टॉर्क पाना
– प्लास्टिगेज (फट मोजायचा मऊ प्लास्टिकचा धागा), हिरवी आणि लाल
– ऑइल गॅलरीत (ऑइलच्या आतल्या वाटांत) जाणारे लांब नायलॉन ब्रश, कॉम्प्रेसरची हवा
– नंबर पंच किंवा सेंटर पंच
– रॉकेल किंवा स्वच्छ डिझेल, धागे न सुटणारं जुनं सुती कापड (वेस्ट कॉटनचे तंतू ऑइलच्या जाळीत अडकतात)
– असेंब्ली ल्युब किंवा निदान नवं इंजिन ऑइल

मायक्रोमीटर आणि बोअर गेज विकत घेणं परवडत नसेल तर मोजणी क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडे करून घ्या, पण आकडे कागदावर लिहून मागा. "ठीक आहे, दहात बसते" एवढं तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका.

२. खोलताना खुणा करा

मेन कॅप आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅपा एकमेकींत बदलल्या की सगळी मेहनत पाण्यात. कारखान्यात घराचं भोक कॅप बसवलेल्या अवस्थेतच बोअर केलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक कॅप तिच्याच जागी आणि त्याच दिशेने गोल बसते. दुसरीकडे ती बसते, बोल्टही आवळला जातो, फक्त भोक गोल राहत नाही.

कारखान्याचे नंबर असतात, पण पन्नास वर्षांत चार मिस्तरींनी त्यावर आपापले नंबर मारलेले असू शकतात. म्हणून खोलण्याआधी फोटो काढा आणि कॅमशाफ्टच्या बाजूने, ब्लॉक आणि कॅप दोन्हीवर, एक-दोन-तीन ठिपके मारा. पंच कॅपच्या कडेला, जाड भागावर. रॉडच्या मधल्या दांड्यावर कधीच नाही, तिथून तडा सुरू होतो.

शेल काढताना प्रत्येकाच्या पाठीवर मार्करने लिहा: "मेन २ वरचा", "रॉड ३ खालचा". फेकू नका. पुढच्या पायरीला तेच लागतात.

क्रँक काढल्यावर जमिनीवर आडवा टाकून ठेवू नका. उभा बांधून ठेवा किंवा दोन टोकांच्या मेनखाली लाकडाचे ठोकळे द्या. जर्नलवर (बेअरिंगात फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागावर) ऑइलचा हात फिरवा आणि प्लास्टिक गुंडाळा. पावसाळ्यात एका रात्रीत गंजाचे ठिपके येतात.

३. जुने शेल वाचा

नवे शेल बसवून इंजिन वर्षभरात पुन्हा ठोकायला लागलं, तर बहुतेक वेळा जुन्या शेलने सांगितलेलं कोणी वाचलेलं नसतं. सगळे शेल क्रमाने टेबलावर मांडा आणि पाहा.

झीज कुठे आहे? स्फोटाचा दाब रॉडच्या वरच्या शेलवर आणि मेनच्या खालच्या शेलवर येतो, म्हणून तिथे जास्त झीज ही नेहमीची गोष्ट. उलटं दिसलं, किंवा शेलच्या एकाच कडेला चमक असली, तर रॉड वाकलेला आहे किंवा जर्नल निमुळतं झालं आहे. दोन्ही कडा घासल्या असतील आणि मधला भाग शाबूत असेल, तर मागच्या वेळी घासणाऱ्याने जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई जास्त ठेवली आणि शेल तिच्यावर चढला.

गोल गोल बारीक ओरखडे, मऊ थरात रुतलेले काळे कण: धूळ. काळ्या मातीत रोटावेटर चालवणाऱ्या ट्रॅक्टरचा ऑइल-बाथ एअर फिल्टर वेळेवर साफ झाला नाही की हेच दिसतं. एअर फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी पाइप तडकलेला असेल तर नवे शेलही तसेच जातील. पाइप आत्ताच बदलायच्या यादीत लिहा.

वरचा करडा थर जाऊन तांबूस रंग उघडा पडला असेल तर शेल आपलं आयुष्य जगला, काळजी नाही. पण धातू वितळून पसरल्यासारखा, पुसल्यासारखा दिसत असेल तर ऑइल पोहोचलं नव्हतं. मग पंप, जाळी, रिलीफ व्हॉल्व्ह आणि ब्लॉकमधल्या वाटा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकच शेल जळालेला असेल तर त्याच्या भोकाची वाट अडली होती का ते तारेने पाहा. सगळे सारखेच गेले असतील तर दोष पंपाकडे किंवा चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) ऑइलमध्ये डिझेल-पाणी मिसळण्याकडे.

शेलच्या पाठीवर चमकदार घासल्याच्या खुणा असतील, शेल जागेवर धरणारा कान तुटला असेल, तर शेल घरात फिरला होता. अशा घराचं माप घेतल्याशिवाय नवा शेल घालणं म्हणजे पैसे विहिरीत टाकणं.

आणि पाठीवर कागद किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटलेली सापडली, तर समजा मागच्या माणसाने ठोका दाबायला पॅकिंग दिलं होतं. त्याचंच भावंड म्हणजे कॅपचा सांधा कानशीने घासणं. कॅपचा सांधा सपाट काचेवर ठेवून पाहा. डुलली किंवा कानशीच्या रेघा दिसल्या तर ब्लॉक लाइन बोअरिंगला (सगळी मेनची घरं एका रेषेत पुन्हा बोअर करायला) जाणार हे धरूनच चाला.

४. क्रँक मोजा

तीन सिलिंडर पर्किन्सला चार मेन आणि तीन क्रँकपिन (रॉड बसतात ती जर्नल). प्रत्येक जर्नलवर चार मापं: पुढच्या कडेजवळ दोन, मागच्या कडेजवळ दोन, एकमेकांना काटकोनात. एकूण २८ आकडे. वहीत तक्ता आखून लिहा.

एकाच ठिकाणच्या काटकोनातल्या दोन मापांतला फरक म्हणजे ओव्हल; पुढच्या आणि मागच्या मापांतला फरक म्हणजे टेपर. दोन्हींपैकी कोणताही एक थाऊच्या, म्हणजे ०.०२५ मिमीच्या वर गेला की क्रँक घासायचाच. मॅन्युअलची मर्यादा याहून कडक असेल तर ती पाळा.

नागपूरच्या उन्हाळ्यात एक गोष्ट विसरली जाते. ७० मिमी पोलादी जर्नल २५ अंशांच्या फरकाने साधारण ०.०२ मिमी फुगतं. उन्हात ठेवलेला क्रँक आणि एसी ऑफिसातून आणलेलं मायक्रोमीटर यांनी घेतलेलं माप म्हणूनच खोटं असतं, आणि खोट किती, तर जवळपास पूर्ण ओव्हलच्या मर्यादेइतकी. क्रँक, ब्लॉक, शेल आणि मोजायची हत्यारं रात्रभर एकाच सावलीच्या खोलीत ठेवा आणि सकाळी मोजा. मायक्रोमीटर हातात घट्ट धरून ठेवलं तरी ते तापतं.

मोजून झालं की नख फिरवा. नखाला लागणारा ओरखडा मायक्रोमीटर दाखवत नाही, पण साइज तोच ठरवतो.

यानंतर टोकांच्या मेनवर व्ही-ब्लॉक देऊन मधल्या मेनवर डायल लावा आणि क्रँक फिरवा. वाक दिसला तर ग्राइंडिंगवाल्याला आधीच सांगा. तडा पाहण्यासाठी मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट करून घ्या. ती सोय जवळ नसेल तर जुनी रीत: क्रँक रॉकेलमध्ये भिजवून कोरडा पुसायचा, खडूची पूड लावायची, थोड्या वेळाने तड्यातलं रॉकेल खडूवर ओली रेघ उमटवतं. कोपऱ्यातली गोलाई आणि ऑइलच्या भोकांच्या कडा नीट पाहा. तडा असलेला क्रँक वेल्डिंग करून वापरू नका.

५. साइज ठरवा आणि शेल आणा

इंची इंजिनांना शेल दहा, वीस, तीस थाऊ अशा पायऱ्यांत मिळतात, मिलिमीटरवाल्यांना ०.२५, ०.५०, ०.७५. शेलच्या पाठीवर तसं कोरलेलं असतं. स्टँडर्डला 'एसटीडी'.

हिशेब कसा करायचा ते एका उदाहरणाने पाहू. तीन सिलिंडर पर्किन्सचं मेन जर्नल नवं असताना २.७४९ इंच (क्रँकपिन साधारण २.२४९). दहा थाऊचा शेल घालायचा तर जर्नल २.७३९ ला आणावं लागणार. समजा तुमच्या मोजणीत सगळ्यांत लहान आकडा २.७४१५ आला. मग व्यासावर अडीच थाऊ, म्हणजे प्रत्येक बाजूने सव्वा थाऊ एवढाच धातू काढायला शिल्लक आहे. जर्नल नुसतं ओव्हल असेल तर पुरे. पण नखाला अडणारा ओरखडा दोन थाऊ खोल असेल तर दहात तो निघणार नाही, सरळ वीसवर जा. सगळ्यांत लहान आकडाच २.७३९ च्या खाली आला तर दहाचा विचारच सोडा.

सगळी मेन एकाच साइजला, सगळ्या पिन एकाच साइजला. मेन दहा आणि पिन वीस असं चालतं. एक पिन वीस आणि बाकी दहा असं करू नका. पुढे गाडी घेणाऱ्याला कळायचा मार्ग राहत नाही.

क्रँक आधीच तिसाला घासलेला निघाला तर दुसरा क्रँक शोधणं शहाणपणाचं. भराव देऊन पुन्हा घासलेला क्रँक डिझेलच्या धक्क्याखाली किती टिकेल ते भराव देणाऱ्याच्या हातावर आहे, नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

शेल घेताना डबा उघडून पाहा. संख्या मोजा: चार मेनचे आठ अर्धे, तीन पिनचे सहा. थ्रस्ट वॉशर (क्रँकचं मागे-पुढे सरकणं रोखणारे) वेगळे मिळतात का ते विचारा. वरच्या शेलला ऑइलचं भोक आहे का, कान जुन्या शेलच्या जागीच आहे का, रुंदी तीच आहे का, हे जुना शेल शेजारी धरून तपासा. म्हणून तो खिशात घेऊनच बाजारात जा. नागपूरच्या घाट रोडकडच्या दुकानांत एकाच इंजिनाचे तीन-चार कंपन्यांचे सेट दाखवतात. स्वस्त सेटमध्ये दोन शेलच्या जाडीत फरक निघाल्याची उदाहरणं आहेत. जाडी तिथेच मोजता आली तर उत्तम, नाहीतर "मोजून परत करीन" असं बोलून घ्या.

६. क्रँक घासायला देताना

ब्लॉक, मेन कॅप, रॉड, नवे शेल, सगळं क्रँकसोबत न्या. फक्त क्रँक दिला तर ग्राइंडिंगवाला पुस्तकी मापाला घासतो आणि शेलमधला फरक तुमच्या गळ्यात राहतो. सगळं दिलं तर तो कॅप टॉर्कला आवळून, शेलचं आतलं माप घेऊन, त्यातून हवी ती फट वजा करून घासू शकतो.

चिठ्ठीवर लिहून द्या:

– मेन आणि पिनची साइज, हवी असलेली फट
– कोपऱ्यातली गोलाई मूळ मापाची ठेवा (कमी केली की क्रँक तिथूनच तुटतो)
– ऑइलच्या भोकांच्या कडा घासल्यावर बोथट करा
– थ्रस्टची बाजू खराब असेल तरच घासा, आणि किती ते लिहा
– शेवटी पॉलिश, इंजिन फिरतं त्या दिशेने
– गॅलरीचे प्लग काढून द्या

क्रँक नायट्राइड केलेला (वरचा थर कठीण करून घेतलेला) आहे का, ते पार्ट बुकात पाहा. असेल तर घासल्यावर कठीण थर पातळ होतो किंवा जातो आणि पुन्हा ती प्रक्रिया लागते. हे न विचारता घासलेला क्रँक दोन हंगामांत पुन्हा ओव्हल होतो.

वेळेचं भान ठेवा. मे महिन्याच्या शेवटी पेरणीच्या तोंडावर हिंगणा-वाडीकडची सगळी मशीन शॉप कामाने तुंबलेली असतात आणि शोभेच्या ट्रॅक्टरचा क्रँक साहजिकच मागे पडतो. पोळ्यानंतर दिलात तर माणूस तुमच्याशी चार शब्द बोलायला मोकळा असतो.

७. घर तपासा

शेल न घालता कॅपा बसवा, पूर्ण टॉर्कला आवळा आणि बोअर गेजने घर तीन दिशांना मोजा. सांध्याच्या दिशेला माप जास्त आणि उभं कमी आलं तर कॅप घासलेली आहे. रॉडचंही असंच मोजा, आणि रॉड वाकला-पिळला आहे का तेही पाहून घ्या.

आता शेल घाला. हाताने दाबताना शेल थोडा ताणाने बसला पाहिजे; सैल पडत असेल तर तो त्या घराचा नाही. शेलचं टोक सांध्याच्या किंचित वर राहतं. हा जादा भाग कॅप आवळल्यावर दाबला जातो आणि त्यामुळेच शेल घराला घट्ट चिकटून राहतो, उष्णता घरात जाते. नवशिके हे टोक "वर राहिलं" म्हणून घासतात. घासू नका. तपासायचं तर दोन्ही बोल्ट पूर्ण आवळा, मग एका बाजूचा पूर्ण सैल करा: त्या बाजूच्या सांध्यात एक-दोन थाऊची फट उघडली पाहिजे. काहीच उघडलं नाही तर शेल घरात फिरणार.

८. सफाई

ग्राइंडिंगची बारीक पूड क्रँकच्या आतल्या तिरप्या भोकांत ठासून बसते. प्लग काढा, रॉकेल आणि ब्रशने प्रत्येक वाट दोन्ही बाजूंनी साफ करा, हवा मारा, पांढऱ्या कापडावर फुंकर घेऊन पाहा. कापडावर करडा डाग येत असेल तर पुन्हा. ब्लॉकच्या मुख्य गॅलरीलाही हेच. नुसती हवा मारून पूड निघत नाही, ब्रश लागतोच. हे काम कंटाळवाणं आहे आणि नव्या शेलचं अर्धं आयुष्य इथे ठरतं.

मे महिन्यात लू वाहत असताना उघड्या शेडमध्ये जोडणी करू नका. जोडलेला भाग रोज संध्याकाळी स्वच्छ प्लास्टिकने झाका.

९. कोरडी जोडणी आणि फट

घर आणि शेलची पाठ पूर्ण कोरडी हवी. पाठीला ऑइल लावलं तर शेल बसत नाही आणि उष्णताही अडते. भोकाचा, खाचेचा शेल ब्लॉकमध्ये वर. साधा शेल कॅपमध्ये खाली. प्रत्येक वरचा शेल बसवल्यावर आतून टॉर्च मारा, ब्लॉकचं भोक आणि शेलचं भोक समोरासमोर दिसलं पाहिजे. वरखाली झालं तर त्या जर्नलला ऑइल जात नाही आणि इंजिन काही मिनिटांतच धरतं.

क्रँक ठेवा. जर्नल पुसून कोरडं करा, त्यावर प्लास्टिगेजचा शेवईसारखा तुकडा आडवा, क्रँकच्या लांबीला समांतर ठेवा, कॅप लावून पूर्ण टॉर्क द्या. क्रँक अजिबात फिरवू नका. कॅप काढून चपटा झालेला पट्टा पाकिटावरच्या पट्टीशी जुळवा. हिरवी साधारण ०.०२५ ते ०.०७५ मिमीपर्यंत दाखवते, लाल ०.०५ ते ०.१५ मिमीपर्यंत. या आकाराच्या जुन्या डिझेल इंजिनांत फट बहुधा ०.०५ ते ०.१० मिमीमध्ये असते. ढोबळ नियम असा की जर्नलच्या दर इंचाला एक थाऊ. अंतिम शब्द मॅन्युअलचा.

पट्टा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद असेल तर टेपर राहिला आहे. फट कमी आली तर आधी शेलखाली कचरा, रंगाचा पापुद्रा, कॅपची अदलाबदल पाहा. बहुतेक वेळा तिथेच सापडतं. तरी कमी असेल तर क्रँक परत न्या. शेल स्क्रेपरने खरवडायचा नाही; त्याचा वरचा मऊ थर मिमीच्या काही शतांशांचाच असतो.

व्हाइट मेटल ओतलेल्या इंजिनांत मात्र नियम उलटे. तिथे ब्लू (खुणेचा निळा रंग) लावून स्क्रेप करणं हीच रीत आहे आणि कॅपखालचे शिम (पातळ पत्रे) मूळ रचनेचा भाग असतात. ते काम ओतणाऱ्या आणि बोअर करणाऱ्या जाणकाराकडे द्या, आणि दोन्ही पद्धतींची सरमिसळ करू नका. शेलच्या इंजिनात शिम घालण्याची सवय तिथूनच आली आहे.

१०. मेनची पक्की जोडणी

प्लास्टिगेज ऑइलने पुसून काढा. मागचं रोप सील (दोरीचं ऑइल सील) असेल तर ते याच टप्प्याला. दोरी दोन्ही अर्ध्या घरांत मध्यापासून गोल दांड्याने दाबत बसवा, टोकं सांध्याच्या वर पाव ते अर्धा मिमी राहू द्या, आतल्या बाजूला ग्राफाइट ग्रीस लावा. टोकं सपाट कापली तर ऑइल क्लचपर्यंत जातं, आणि त्यासाठी ट्रॅक्टर पुन्हा मधून तोडावा लागतो.

शेलच्या आतल्या बाजूला, जर्नलवर आणि बोल्टच्या आट्यांवर ऑइल किंवा ल्युब. क्रँक सरळ वरून खाली ठेवा, तिरपा ठेवला की शेलच्या कडा तासल्या जातात. थ्रस्ट वॉशरची ऑइलच्या खाचा असलेली बाजू क्रँककडे, साधी पोलादी बाजू ब्लॉककडे. हे उलटं बसवलं तर वॉशर क्रँकचीच बाजू खातो.

कॅपा मधल्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत आवळा: एक तृतीयांश, दोन तृतीयांश, पूर्ण. प्रत्येक कॅप पूर्ण झाली की क्रँक हाताने फिरवा. सील न बसवता तो दोन बोटांनी फिरला पाहिजे. सील बसवल्यावर थोडा जड होतो. एखादी कॅप आवळल्यावर अचानक जड झाला तर तीच कॅप काढा, पुढे जाऊ नका.

टॉर्कच्या एककांत मोठी गडबड होते. ब्रिटिश मॅन्युअल पाउंड-फूटमध्ये, पूर्व युरोपातली जुनी पुस्तकं किलोग्रॅम-मीटरमध्ये, तुमचा पाना न्यूटन-मीटरमध्ये. ७० पाउंड-फूट म्हणजे साधारण ९५ न्यूटन-मीटर आणि साधारण ९.७ किलोग्रॅम-मीटर. बदलून आलेला आकडा कॅपजवळ खडूने लिहून ठेवा. बोल्टही इंची की मिलिमीटरचा ते पाहा. जवळच्या मापाचा बोल्ट दोन-तीन आटे जातो आणि ब्लॉकचे आटे खातो.

शेवटी डायल लावून क्रँक मागे-पुढे ढकलून एंड फ्लोट मोजा. जास्त आला तर जाड थ्रस्ट वॉशर मिळतात.

११. बिग एंड

रॉडचे बोल्ट-नट आणि लॉक पत्रे नवेच घ्या. जुने बोल्ट वाचवून काही शे रुपये वाचतात. तुटलेला बोल्ट ब्लॉकमधून बाहेर येतो.

पिस्टन खाली उतरवताना रॉडच्या बोल्टवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर आटे क्रँकपिनला ओरखडा देतात. फट मेनसारखीच तपासा. कॅपचा नंबर आणि रॉडचा नंबर एकाच बाजूला. आवळल्यावर रॉड हाताने पुढे-मागे थोडा सरकला पाहिजे. न सरकणारा रॉड उलट बसला आहे किंवा कॅप त्याची नाही. प्रत्येक रॉडनंतर क्रँक फिरवा. लॉक पत्रा नटाच्या सपाट बाजूवर पूर्ण वाकवा, कोपऱ्यावर नको.

१२. चेंबर लावण्याआधी

ऑइल पंप उघडून गिअरच्या फटी मोजा. नव्या बेअरिंगांना जुना सैल पंप जोडणं ही नेहमीची चूक. पंपात पेट्रोलियम जेली भरली तर तो पहिल्या फेऱ्यांतच ऑइल ओढतो. ग्रीस भरू नका. जाळी साफ, तिच्या पाइपच्या सांध्यात हवा जाणार नाही असं पॅकिंग. सिलिकॉन पातळ लावा. आत फुगलेली त्याची वळी सुटून जाळीत जाते.

१३. पहिल्यांदा चालू करताना

फिल्टर ऑइलने भरून लावा. मूळ डायल खरा दाखवतो याची खात्री नसेल तर यांत्रिक प्रेशर गेज जोडा. स्टॉप ओढून ठेवून स्टार्टर थोडा थोडा मारा, गेजचा काटा उठेपर्यंत. स्टार्टरला मध्ये गार होऊ द्या. काटा उठल्यावरच डिझेल सोडा.

सुरू झाल्यावर १०००–१२०० आरपीएमला वीस-तीस मिनिटं ठेवा. अगदी मंद आयडलवर तासभर घुरघुरत ठेवणं नव्या इंजिनाला चांगलं नाही. तीन सिलिंडर पर्किन्सला गरम झाल्यावर पूर्ण आरपीएमला ३० ते ६० पीएसआय दाब असतो. दाब अचानक पडला किंवा खोल ठोका आला तर लगेच बंद करा, "बघू जरा" म्हणत चालू ठेवू नका.

पहिले २०–२५ तास हलकं काम: रिकामी ट्रॉली, हलकी वखरणी. नांगर किंवा भरलेली ट्रॉली घेऊन इंजिन दबेल असं काही नको, आणि तासन्‌तास एकाच वेगालाही नको. मग ऑइल गरम असतानाच काढा, फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून कागद उन्हात पसरून पाहा. करडी बारीक पूड थोडी असतेच. तांबूस किंवा चकचकीत पापुद्रे दिसले तर त्याच आठवड्यात चेंबर उतरवा आणि बिग एंडच्या कॅपा एकेक करून तपासा.